उसवलेले टाके

रुग्णालयाच्या अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नोंदणीचा अर्ज भरताना त्या रकान्यात काय लिहावे, हे मला सुचेना. मी अक्कांची बहीण नव्हते, जाऊ नव्हते, विहीणही नव्हते. साताऱ्यात आम्ही सात जणी अकरा वर्षांपासून एकत्र बसून गोधड्या शिवतो आणि त्या बैठकीत अक्का आणि मी समोरासमोर बसतो, एवढाच आमचा संबंध. मी ‘मैत्रीण’ असे लिहिले, पण संमतीच्या कागदांवर सही घरच्याच माणसाची लागणार होती, म्हणून अक्कांच्या यजमानांनी अर्ज हातात घेतला आणि माझा शब्द खोडून स्वतःचे नाव घातले. मागच्या बाकावरून अक्का म्हणाल्या, “एका गोधडीवरची, असं लिही की.” त्या दिवसापासून पुढे जवळजवळ वर्षभर मी जे काही केले, ते याच नात्याने केले. त्यातले काही बरोबर होते आणि काही स्पष्टपणे चुकले.

अक्कांचे खरे नाव मी येथे लिहीत नाही. गटात सगळ्या जणी त्यांना अक्काच म्हणतात. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. आमची पद्धत जुनीच आहे. धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे चार-पाच थर जमिनीवर अंथरायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवायची, कच्चे दोरे घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मग चारही बाजूंनी बसून कडेपासून आत, चौकटीत चौकट असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. प्रत्येकीच्या टाक्याची लांबी वेगळी पडते आणि अकरा वर्षांच्या सवयीने आम्हाला गोधडी उलटी करून पाहिली तरी कुठली ओळ कोणाच्या हातची हे ओळखता येते. अक्कांचा हात सगळ्यांत बारीक होता. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे माझी नजर रंगांकडे असते. अक्कांची नजर टाक्यांकडे असायची.

गाठ त्यांना फेब्रुवारीतच लागली होती आणि त्यांनी ती जुलैपर्यंत कोणालाच सांगितली नाही. मला संशय आला तो बसण्यावरून. गोधडीवर वाकून शिवताना छातीचा भार गुडघ्यावर येतो. अक्का नेहमी डावा गुडघा वर घेऊन बसत, त्या एकाएकी उजवा घेऊन बसू लागल्या. विचारल्यावर म्हणाल्या, कंबर भरून येते. अधिक श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन माझा हात धरून डाव्या बाजूला लावला. सुपारीहून मोठी, कडक, जागची न हलणारी गाठ होती. गावातल्या एका डॉक्टरांना त्यांनी ती मे महिन्यात दाखवली होती आणि ‘दुखत नाही ना, मग काळजी नको, वयोमानाने होते’ असे म्हणून त्यांनी मलम दिले होते. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहावे अशी ही गाठ नसते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला तेव्हा माहीत असते, तर मी त्या उजव्या गुडघ्याकडे पाहिल्याच दिवशी हट्ट धरला असता.

साताऱ्यातच सोनोग्राफी, मॅमोग्राफी झाली आणि बायोप्सी करायचे ठरले, तेव्हा पहिला अडथळा आला तो नातेवाइकांचा. सुई लावली की गाठ पसरते, असा समज आमच्याकडे घट्ट रुजलेला आहे. अक्कांच्या नणंदेने शेजारच्या कोणाचे तरी उदाहरण देऊन यजमानांना इतके घाबरवले की त्यांनी दिलेली वेळ रद्द केली. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच तोंडून विचारायला लावला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले की सुईने गाठीचे बारीक तुकडे घेतल्याशिवाय ती कसली आहे आणि तिला कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही, आणि सुईमुळे रोग पसरत नाही; पसरतो तो थांबल्यामुळे. यजमान आयुष्यभर एस.टी.चे चालक होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, इंजिन उघडल्याशिवाय बिघाड कळत नाही, हे मला कळायला पाहिजे होते.

अहवाल दोन टप्प्यांत येतो. आधी कर्करोग आहे की नाही, आणि मग आणखी काही दिवसांनी त्या पेशींत संप्रेरकांचे ग्राहक, म्हणजे संप्रेरके पकडणारी प्रथिने, आणि हर-टू नावाचे आणखी एक प्रथिन किती आहे, याची तपासणी. अक्कांच्या अहवालात इआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक) होकारार्थी आणि हर-टू नकारार्थी होते, गाठ ४ सेंटिमीटरच्या आसपास होती आणि काखेतल्या गाठींतही रोग होता. या इंग्रजी आद्याक्षरांवरून पुढचे सगळे ठरते, हे समजायला मला दोन दिवस लागले. अक्कांना समजावण्यासाठी मी शेवटी गोधडीच्याच भाषेत सांगितले की कापड कसले आहे हे कळल्याशिवाय सुई कुठली आणि दोरा कुठला हे ठरवता येत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “आणि उसवायला किती दिवस लागतील?” परळच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम असा होता : आधी केमोथेरपीची चार मोठी सत्रे, दर तीन आठवड्यांनी, मग दुसऱ्या औषधाची बारा साप्ताहिक सत्रे, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, आणि शेवटी रोज एक गोळी, किमान ५ वर्षे.

कागदपत्रांचे काम मी माझ्याकडे घेतले, कारण त्यात मला भीती वाटत नव्हती. केशरी शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा अहवाल आणि प्रत्येकाच्या चार-चार प्रती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे जाताना कागद क्रमाने लावलेले असले की काम लवकर होते. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे असले की एक फेरी वाढते, आणि अक्कांचे वेगळे होते. साताऱ्याहून मुंबईला आम्ही एस.टी.ने जात असू. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले होते आणि यजमान ज्येष्ठ नागरिक, त्यामुळे तिघांचीही अर्धीच तिकिटे लागत. मुक्काम दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असे. तिथे राज्याच्या आणि देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून टाटाला आलेली माणसे भेटतात आणि सकाळी दात घासता घासता एकमेकांना ‘तुमचं कितवं?’ असे विचारतात. उत्तर सत्राच्या आकड्यात द्यायचे असते.

पहिले औषध लाल रंगाचे असते. कुंकू कालवलेल्या पाण्यासारखे ते औषध परिचारिका शिरेतून अगदी सावकाश, सतत विचारपूस करत देत होत्या, कारण ते शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूची त्वचा भाजल्यासारखी होते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवीला लाल होते. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर रुग्ण रक्त समजून गर्भगळीत होतो. मी अक्कांना आधी सांगितले होते, यजमानांना सांगायला विसरले, आणि धर्मशाळेत मध्यरात्री ते माझ्या दारावर थापा मारत उभे राहिले.

मळमळीची औषधे मिळत होती आणि ती बऱ्यापैकी लागूही पडत होती. मला चकवले ते वासाने. पहिल्या सत्रानंतर आठ दिवसांनी, अक्कांना विरंगुळा व्हावा म्हणून मी गटाची बैठक त्यांच्या घरी भरवली आणि ट्रंकेतून जुनी लुगडी काढून अंथरली. ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. अक्कांना एवढी उलटी झाली की बैठक तशीच उठली. ज्या वासात त्यांची तीस वर्षे गेली होती, तोच वास आता त्यांना सहन होत नव्हता. त्यानंतर त्यांच्या घरी जाणारे प्रत्येक कापड मी रिठ्याच्या पाण्यात धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच नेत असे. हे काम कंटाळवाणे होते आणि पावसाळ्यात तर जिकिरीचे. पण रुग्णाईताला धीर द्यायला येणाऱ्या माणसांनी उंबऱ्यावर उभे राहून धीर देण्याऐवजी असे एखादे कंटाळवाणे काम मागून घेतले, तर घरच्यांना फार उपयोग होतो, असे माझे मत बनले. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, साखर पूर्ण बंद, अमक्या महाराजांचा अंगारा, असे सल्ले रोज येत होते. अक्का सगळ्यांना ‘बरं’ म्हणायच्या आणि त्यांतले काहीही करत नसत. डॉक्टरांनी शिजवलेले ताजे अन्न, अंडी, डाळी आणि उकळलेले पाणी सांगितले होते, ते मात्र त्या कसोशीने पाळत.

केस गणपतीत गेले. १९ सप्टेंबरला चतुर्थी होती आणि दुसऱ्या सत्राला चार दिवस झाले होते. सकाळी वेणी घालताना पुंजकेच हातात आले. अक्कांनी आरतीच्या आधी न्हाव्याला बोलावले आणि सगळेच काढून टाकायला सांगितले. मऊ मलमलच्या दोन टोप्या मी आधीच माप घेऊन शिवून ठेवल्या होत्या, आतली शिवण टाळूला बोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून. त्यांनी टोपी घातली, आरशात पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या की काठ वाकडा लागला आहे. लागला होता.

त्याच आठवड्याच्या शेवटी ताप आला. सत्रानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात आणि त्या काळात १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप गेला, तर घरी गोळी देऊन वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचे, असे परळला बजावून सांगितले होते. म्हणून मी थर्मामीटर अक्कांच्या शिवणाच्या डब्यात, कात्रीशेजारी ठेवला होता. रात्री साडेअकराला पारा १०१ वर होता. यजमान म्हणाले सकाळी पाहू, अक्काही म्हणाल्या सकाळी पाहू. मी आयुष्यात फार वेळा आवाज चढवलेला नाही, त्या रात्री चढवला. साताऱ्यातल्या रुग्णालयात तीन दिवस शिरेतून प्रतिजैविके आणि पेशी वाढवणारी इंजेक्शने द्यावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी सकाळी रक्ताचा अहवाल यजमानांना दाखवला आणि त्यानंतर ते स्वतःच सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहू लागले, तेही एस.टी.च्या नोंदीसारखे, वेळ आणि आकडा.

दिवाळीच्या सुमारास गटात पैशांवरून कुरबुर झाली, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या गोधडीचे पैसे बसलेल्या दिवसांवर वाटले जातात. अक्का चार महिने नीट बसल्या नव्हत्या आणि तरी त्यांचा हिस्सा पूर्ण द्यावा, असे मी म्हणाले. एकीने हरकत घेतली. तिच्या घरी दोन मुले शिकत होती, नवऱ्याची नोकरी गेलेली होती आणि ती रोज सहा तास बसत होती. तिला स्वार्थी ठरवणे सोपे होते, पण तिचे गणित चूक नव्हते. शेवटी तोडगा अक्कांनीच काढला. कापडांची निवड, थरांचा क्रम आणि कापणी हे काम आम्ही आजवर कामात धरतच नव्हतो, ते सगळ्या मिळून गप्पा मारत करत होतो. अक्का म्हणाल्या, ते मी घरी बसून करते, त्याचे तास धरा. डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत आमच्या ज्या गोधड्या विकल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकींची रंगसंगती अक्कांनी टोपी घालून, खाटेवर बसून ठरवलेली होती. मला वाटायचे, रंगांत मीच पुढे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून बारा साप्ताहिक सत्रे सुरू झाली होती. ती परळच्या कागदावर लिहून दिलेल्या प्रमाणात साताऱ्यातच घेता येत होती, त्यामुळे प्रवास वाचला. मळमळही कमी झाली. सगळे म्हणू लागले, आता सोपे आहे. पॅक्लिटॅक्सेल नावाचे हे औषध बोटांच्या टोकांशी असलेल्या मज्जातंतूंना त्रास देते. आधी मुंग्या येतात, मग जळजळ होते, मग बधिरपणा येतो. ही सूचना मी वाचली होती, पण ज्या माणसाचे सगळे जगणे बोटांच्या टोकांत आहे, त्याच्या बाबतीत ती काय करील, याचा मी विचार केला नव्हता. सहाव्या की सातव्या सत्रानंतर मी अंथरलेल्या गोधडीकडे पाहत होते आणि अक्कांच्या बाजूच्या पांढऱ्या धोतरावर मला तांबडे ठिपके दिसले, ओळीने, टाक्यांच्या अंतरावर. गोधडी शिवताना डावा हात कापडाखाली असतो आणि सुईचे टोक खालच्या बोटाला किंचित लागले की ती वर वळवायची, हे न बघता होते. अक्कांच्या बोटाला सुई लागत होती, पण ती लागल्याचे त्यांना कळतच नव्हते.

त्यांनी हे तीन आठवडे लपवले होते. सदऱ्याची बटणे यजमान लावून देत होते, त्यांनाही कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती. कारण साधे होते. डॉक्टरांना कळले तर औषध थांबवतील, औषध थांबले तर रोग उलटेल, अशी त्यांना भीती होती. मी त्यांना न विचारता पुढच्या सत्राच्या वेळी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी बोटे तपासली, एक सत्र आठवडाभर पुढे ढकलले, पुढच्या सत्रांचे प्रमाण थोडे कमी केले आणि रात्रीच्या जळजळीसाठी एक गोळी दिली. अशी वाढघट उपचाराचाच भाग असते, हेही त्यांनी अक्कांना शांतपणे समजावले. अक्का माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. याबाबतीत मला आजही पश्चात्ताप नाही. पेशी कमी असताना रोज दहा ठिकाणी बोटे टोचून घेणे धोक्याचे होते.

पश्चात्ताप आहे तो यानंतरच्या गोष्टीचा. मी गटात सांगून टाकले की अक्कांच्या हाती सुई द्यायची नाही. कोणी काही बोलले नाही, सगळ्यांनाच ते शहाणपणाचे वाटले. अक्का येत, घड्या घालत, कापडे मांडत आणि उठून जात. चौथ्या दिवशी त्यांनी घरून स्वतःची सुई आणली, दोन्ही हातांच्या बोटांत अंगुस्तान घातले आणि आपल्या जागेवर बसल्या. डाव्या हाताने स्पर्श कळत नाही म्हणून त्या प्रत्येक टाक्याला कापड उचलून खाली डोळ्यांनी पाहत होत्या. वीतभर ओळीला त्यांना अर्धा तास लागत होता आणि टाके तांदळाएवढे पडायचे ते कधी गव्हाएवढे, कधी शेंगदाण्याएवढे पडत होते.

ती गोधडी पुण्याच्या एका बाईंची मागणी होती. त्यांनी आपल्या दिवंगत आईची पाच पातळे पाठवली होती, संक्रांतीनंतर द्यायचे कबूल केले होते आणि गटाचे नाव त्यावर अवलंबून होते. निदान मी स्वतःला तसे सांगितले. एका रात्री मी गोधडी घरी आणली आणि अक्कांच्या बाजूचा दीड वीत पट्टा उसवून, त्यांच्या जुन्या हाताची नक्कल करत पुन्हा शिवला. पहाटे तीनपर्यंत बसले होते. मला वाटले, मी त्यांच्यासाठी जागत आहे.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी बसल्या बसल्या तो पट्टा उलटा केला आणि बराच वेळ पाहिला. मग कात्री मागितली. माझे टाके त्या एकेक करून उसवू लागल्या, आणि बधिर बोटांनी उसवणे शिवण्याइतकेच अवघड असते, म्हणून ते फार वेळ चालले. बाकीच्या पाच जणी खाली माना घालून आपापले शिवत राहिल्या. शेवटी त्यांनी मला एकच विचारले, “किती उसवलं होतंस?” मी म्हणाले, दीड वीत. “मग दीड वीतच मी परत घालते.” त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांना दोरा ओवून देणे आणि अंगुस्तान घसरले की सावरणे, याखेरीज मी काही केले नाही. गोधडी पुण्याला गेली. त्या बाईंना मी ही हकिकत कळवली नाही आणि त्यांनीही त्या कडेविषयी काही विचारले नाही.

शस्त्रक्रिया मार्च २०२४ मध्ये मुंबईत झाली. स्तन आणि काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या. शस्त्रक्रियेनंतर जखमेतून दोन नळ्या बाहेर येतात, त्यांत पाझर साठतो आणि तो रोज मोजून लिहायचा असतो. २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढतात. रुग्णाला या नळ्यांचे ओझे दुखण्यापेक्षा जास्त होते, कारण त्या कुठेही अडकतात आणि ओढल्या जातात. मी जुन्या परकराचे कापड घेऊन नाडीचा पट्टा आणि त्याला दोन खिसे शिवले, म्हणजे चालताना दोन्ही हात मोकळे राहतात. हे मात्र पहिल्याच खेपेला जमले आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मागितल्यावर मी धर्मशाळेत बसून आणखी नऊ शिवले. काखेखाली ठेवायची छोटी उशी मात्र आधी फसली. परदेशांत गोधड्या शिवणाऱ्या बायका शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी बदामाच्या आकाराच्या उशा शिवून देतात, तशी मी शिवली, पण कापूस ठासून भरला. अक्कांनी ती परत केली, “ही उशी नव्हे, पाटा आहे.” त्यांच्या सांगण्यावरून शिवण उघडून अर्धा कापूस काढला आणि सावरीचा भरला, तेव्हा ती दंडाखाली नीट बसली.

पुढे महिनाभरात किरणोपचार सुरू व्हायचे होते आणि त्यासाठी हात डोक्यावर उचलून यंत्राखाली स्थिर धरावा लागतो. अक्कांचा हात खांद्यापर्यंतही जात नव्हता. व्यायाम असा असतो की भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंतीवर चढत जायचे. अक्कांना तो पोरकट वाटे. मी शिंप्याच्या खडूने त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोजची उंची आणि तारीख लिहू लागले. चौथ्या दिवशी रेष खाली आली तेव्हा त्या चिडल्या आणि मग मला सांगावे लागले नाही. ९ एप्रिलला, पाडव्याला, खडूची रेष मिरचीच्या डब्याच्या फळीला लागली होती. त्या खुणा यजमानांनी अजून पुसलेल्या नाहीत. भिंतींना रंग द्यायचा विषय निघाला की ते दुसरा विषय काढतात.

किरणोपचाराच्या १५ बैठका झाल्या, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. छातीवर शाईच्या खुणा करतात, त्या पुसायच्या नसतात. तिथे साबण, पावडर, तेल काही लावायचे नसते. सुती, सैल, पुढून उघडणारे कपडे घालायचे. शेवटच्या आठवड्यात कातडी उन्हाने करपावी तशी काळवंडली आणि थकवा फार होता. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही. पहिला आठवडा मी दादरला होते, नंतरचे दोन यजमान एकटे होते.

जखम पूर्ण भरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, अक्कांनी स्वतःहून एक गोष्ट मागितली. पोलक्याची डावी बाजू रिकामी राहते आणि पदर घसरतो, त्यासाठी काहीतरी शिवायचे होते. नुसत्या कापसाचे शिवले तर ते हलके असल्याने वर सरकते, असे पहिल्या दिवशीच लक्षात आले. मग आम्ही दोघींनी मऊ कापडाची वाटीच्या आकाराची पिशवी शिवून आत कापसाच्या मधोमध राळे या बारीक धान्याची पुरचुंडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, घालून, काढून, पुन्हा तोलून वजन ठरवले. त्या दुपारी अक्का इतक्या हसल्या की यजमान बाहेरून विचारू लागले. श्रावणात राळ्याला किडे झाले. आता दर दोन महिन्यांनी राळे बदलतो, भाजून गार केलेले घालतो.

रोजची गोळी चालू आहे, तिच्याने सांधे दुखतात आणि हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून कॅल्शियम आणि हाडांची तपासणीही चालू आहे. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हातावर सूज येण्याची शक्यता कायम राहते. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नये, सुई टोचून घेऊ नये, जखम झाल्यास ताबडतोब धुऊन औषध लावावे, अशा सूचना रुग्णालयाने लिहून दिल्या आहेत, आणि गोधडीखाली जाणारा हात नेमका तोच आहे. अक्का त्या हातावर चामड्याचा हातमोजा घालून बसतात. तो गटातल्या त्याच हरकत घेणाऱ्या बाईने शिवून दिला आहे.

बधिरपणा बराच ओसरला, पण उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके परत आली नाहीत. टाके पूर्वीएवढे बारीक पडत नाहीत, गव्हाएवढे पडतात, आणि एकसारखे पडतात. दोरा मात्र त्यांना अजून ओवता येत नाही. गेल्या वर्षापर्यंत तो मी ओवून देत असे, पण आता माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे आणि सुईचे नाक मला दोन दिसतात. शेजारची सातवीतली मुलगी सकाळी शाळेत जाताना आत डोकावते, उभ्या उभ्या बारा सुया ओवते, उशीला टोचते आणि पळते. दुपारी दोनपर्यंत त्या पुरतात.